निर्णय कोणाचा, झळ कोणाला?

ॲनिमेतल्या हिरो-हिरॉईनच्या जडणघडणीवर आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी निवडले आहेत. उत्तरांत मालिकांचे शेवट उघड होतात. प्रश्नात किंवा उत्तरात ज्या मालिकेचं नाव आहे ती अजून पाहायची असेल, तर तेवढा प्रश्न सोडून पुढे जा.

प्रश्न : 'स्वॉर्ड आर्ट ऑनलाइन'मधली असुना सुरुवातीला किरितोच्या तोडीस तोड होती. पंधराव्या एपिसोडपासून मात्र ती पिंजऱ्यात बसून त्याची वाट बघते. इतकी चांगली उभी केलेली व्यक्तिरेखा मध्येच अशी का पडते?

उत्तर : ऑनलाइन गेमच्या जगात घडणारी २०१२ ची पहिली मालिका २५ एपिसोडची आहे. पहिल्या १४ एपिसोडच्या आर्कमध्ये, म्हणजे कथेच्या टप्प्यात, असुना खेळाडूंच्या एका मोठ्या गिल्डची (संघाची) उपप्रमुख आहे, लढाईचे बेत आखते, किरितोशी वाद घालते. नंतरच्या आर्कमध्ये कथेला तिच्याकडून एकच गोष्ट हवी असते : तिने बंदिवान असावं, म्हणजे किरितोला धावायला कारण मिळेल. व्यक्तिरेखेला कारण म्हणून वापरायला घेतलं की तिची वाढ तिथेच थांबते.

आता बारकाईने पाहा. पिंजऱ्यातही असुना स्वस्थ बसलेली नाही. तिला कोंडून ठेवणारा ओबेरॉन दाराचा कोड कसा टाकतो ते ती आरशातून हेरते, बाहेर पडते, प्रयोगशाळेपर्यंत पोचते. तिथे पकडली जाते, पण कीकार्ड हातोहात लांबवते आणि पुढे ते खाली किरितोपर्यंत टाकते. एवढं धाडस करूनही ते बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, कारण सुटून ती परत त्याच पिंजऱ्यात येते आणि कीकार्डाचा उपयोग किरितोच्या मोहिमेला होतो. तिच्या आत काहीच हललेलं नसतं. पंधराव्या एपिसोडमधली असुना आणि पंचविसाव्यातली असुना जगाकडे एकाच नजरेने बघतात. कृती दिली, पण त्या कृतीतून येणारा बदल दिला नाही, अशी ही चूक आहे.

याच मालिकेने ती २०१४ च्या दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या आर्कमध्ये दुरुस्त केली. तिथे असुनाचा झगडा तिच्या आईशी आहे : शाळा कुठली, लग्न कोणाशी, पुढचं आयुष्य कसं. युकी नावाच्या मुलीकडून ती शिकते की समोरासमोर भिडल्याशिवाय काही गोष्टी पोचतच नाहीत. मग ती आईलाच गेममध्ये यायला लावते, आपल्या लाकडी घराच्या खिडकीतून बाहेरची झाडं दाखवते, आणि आईला आपल्या माहेरच्या रानाची आठवण होते. किरितो या आर्कमध्ये काय करतो? असुनाच्या गटाला बॉसच्या खोलीत शिरता यावं म्हणून बोळात उभा राहून दुसऱ्या टोळीला अडवतो. एवढंच. त्याने त्याचं तेज कमी होत नाही, उलट तो जास्त आवडतो.

प्रश्न : दोघांना सारखा स्क्रीन टाइम दिला म्हणजे समतोल साधला असं म्हणता येईल का?

उत्तर : नाही. आधी हिशेब मांडू. टीव्हीवरचा एक एपिसोड साधारण २४ मिनिटांचा असतो. त्यातून ओपनिंग आणि एंडिंगची दीड-दीड मिनिटं गेली की गोष्टीसाठी २१ मिनिटं उरतात. बारा एपिसोडच्या एका कूरमध्ये (प्रसारणाच्या एका हंगामात) ही बेरीज चार तासांच्या थोडी वर जाते. एवढ्यात दोघांना समसमान वाटणी करायला गेलं तर दोघंही अर्धवट राहतात. म्हणून मिनिटांपेक्षा निर्णय मोजावेत : महत्त्वाच्या वळणावर कोणी ठरवलं आणि त्याची झळ कोणाला बसली.

'फ्रीरेन'चा पहिला सीझन (२०२३-२४, २८ एपिसोड) पाहा. फ्रीरेन ही दीर्घायुषी एल्फ जादूगारीण, हिम्मेल हा तिचा जुना माणूस-साथी. तो पहिल्याच एपिसोडमध्ये म्हातारा होऊन मरण पावतो. त्यानंतर तो फक्त आठवणींतून दिसतो, तेही थोडा थोडा. तरी त्याची व्यक्तिरेखा शेवटपर्यंत उलगडत राहते, कारण त्याने सहज केलेल्या गोष्टींचा अर्थ फ्रीरेनला आत्ता कळत असतो. तो बदलत नाही, त्याच्याबद्दलची तिची समज बदलते. मिनिटांच्या तराजूत हे मावणार नाही.

प्रश्न : मी वेबकॉमिकसाठी एक गोष्ट लिहितेय. वाचून दाखवली की सगळे म्हणतात, "हिरॉईन फक्त हिरोसाठीच आहे." तिला स्वभाव दिलाय, भूतकाळ दिलाय, ती लढतेसुद्धा. मग चुकतंय कुठे? आणि ते दुरुस्त कसं करायचं?

उत्तर : तुमच्या पत्रातच एक खूण सापडली. तिला काय काय 'दिलंय' याची यादी आहे, पण तिला काय हवंय हे कुठेच लिहिलेलं नाही. तिथूनच सुरुवात करा.

एका कागदावर दोघांसाठी तीन-तीन ओळी लिहा. पहिली ओळ : याला किंवा हिला काय हवंय, आणि ते नावानिशी सांगता येईल असं हवं. 'आनंद हवाय' चालणार नाही, 'तोराडोरा'तल्या ताइगासारखं 'कितामुराने मला हो म्हणावं' चालेल. दुसरी : कशाची भीती वाटते. तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची : स्वतःबद्दल कोणती चुकीची समजूत आहे. आता हिरॉईनच्या तीन ओळींत हिरोचं नाव किती वेळा आलं ते बघा. तिन्हींत आलं असेल, तर लोक म्हणतात ते खरं आहे. पहिल्या ओळीत तरी ते नसावं.

'तोराडोरा' (२००८-०९, २५ एपिसोड) हा या बाबतीत हाताशी ठेवण्यासारखा नमुना आहे. दहा खंडांची लाइट नॉव्हेल (तरुणांसाठीच्या सचित्र कादंबऱ्यांची) मालिका पंचवीस एपिसोडमध्ये बसवलेली, म्हणजे एका खंडाला सरासरी अडीच एपिसोड. तरी घाई जाणवत नाही, कारण मांडणी पहिल्या दोन एपिसोडमध्येच पक्की होते. हिरो र्‍यूजीला मिनोरी आवडते, हिरॉईन ताइगाला कितामुरा. दोघं एकमेकांना मदत करायचं ठरवतात. म्हणजे ताइगाच्या पहिल्या ओळीत र्‍यूजी नाहीच, आणि त्याच्या ओळीत ती नाही. दोघांच्या इच्छा बाहेरच्या दिशेने आहेत, आणि त्यांचा पाठलाग करताना ते एकमेकांच्या रोजच्या जगण्यात शिरतात : तो तिला जेवायला घालतो, तिचं घर आवरतो. रात्री ती रागाच्या भरात विजेच्या खांबाला लाथा घालते, तेव्हा तोही येऊन लाथा घालतो. प्रेमाचा एक शब्द न काढता दोघांचा राग एकाच जातीचा आहे हे कळतं. जग दोघांनाही चेहऱ्यावरून आणि वरवरच्या वागण्यावरून जोखतं. त्याचे डोळे गुंडासारखे, तिच्या हातात लाकडी तलवार.

पण खरी शिकण्यासारखी जागा शाळेच्या सांस्कृतिक महोत्सवाच्या भागात आहे, अकराव्यापासून तेराव्या एपिसोडपर्यंत. ताइगाचे वडील तिच्याशी पुन्हा नातं जोडू पाहतात. ती नको म्हणते. र्‍यूजीला स्वतःला वडील नाहीत, आणि म्हणून 'वडील असताना दूर लोटायचं कशाला' असं त्याला मनापासून वाटतं. तो तिला समजावतो, ती त्याच्या शब्दाखातर तयार होते. वडील यायचं कबूल करतात आणि येत नाहीत. स्टेजवर ताइगा एकटी उभी असते.

इथे काय काय एकाच वेळी घडतं ते सुटं करून बघा. चूक र्‍यूजीची आहे, आणि ती त्याच्या चांगुलपणातून झाली आहे. चुकीचं मूळ त्याच्याच जखमेत आहे. झळ मात्र ताइगाला बसते. मिनोरीला हे आधीपासून माहीत होतं, त्यामुळे तिचं आणि र्‍यूजीचं खटकतं. आणि मग र्‍यूजी आणि मिनोरी दोघंही जीव तोडून शर्यत धावतात, ताइगापर्यंत पोचण्यासाठी. एका प्रसंगातून तीन माणसं पुढे सरकली. हिरोचा दोष हिरॉईनच्या आयुष्यात जाऊन आदळला आणि दोघांनाही काहीतरी शिकावं लागलं. याला आम्ही समतोल म्हणू.

तुमच्या गोष्टीसाठी यातून हे करा. मध्यावरचा एक प्रसंग निवडा, जिथे आत्ता हिरो तिला वाचवतो. तो काढून टाका. त्या जागी असा प्रसंग लिहा की हिरो स्वतःच्या चुकीच्या समजुतीपायी तिला मनापासून सल्ला देतो आणि तो तिला महागात पडतो. त्यानंतर तिला किमान दोन पानं द्या, जिथे तो नाही. ती कोणाशी बोलते, काय ठरवते, हे त्या पानांत दिसलं पाहिजे. बहुतेक नवे लेखक इथेच घाबरतात आणि तिसऱ्याच चौकटीत हिरोला माफी मागायला आणतात. माफी लवकर आली की तिचा राग तिच्या मालकीचा राहत नाही.

एक गोष्ट मात्र टाळा : समतोल साधायचा म्हणून हिरोला बावळट करू नका. र्‍यूजी चुकला तरी तो मूर्ख नाही. हिरो कमकुवत केल्याने हिरॉईन उंच होत नाही, फक्त गोष्ट बुटकी होते.

प्रश्न : हिरॉईन लढणारी नसेल तर ॲक्शन मालिकेत ती मागे पडणारच ना?

उत्तर : तिच्याकडे स्वतःचा हुनर असेल आणि कथेचा गाडा त्यावाचून अडत असेल, तर पडत नाही. 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड'मधली (२००९-१०, ६४ एपिसोड) विनरी ऑटोमेल, म्हणजे यांत्रिक हातपाय, बनवते. हिरो एडवर्डचा हात आणि पाय तिच्याच कामावर चालतात. ती एडवर्डची मैत्रीण आहे हे दुय्यम, आधी ती कारागीर आहे, आणि तिचे सगळे मोठे प्रसंग 'हात' या एकाच गोष्टीभोवती गुंफलेले आहेत.

आई-वडिलांचा मारेकरी स्कार समोर येतो, तिच्या हातात बंदूक येते, चाप ओढला जात नाही. एडवर्ड ती बंदूक सोडवतो आणि सांगतो की हे हात माणसं मारायला नाहीत, जगवायला आहेत. इथवर हा हिरोचा प्रसंग वाटतो. तो तसाच सोडला असता तर विनरी एडवर्डच्या उपदेशाची श्रोती ठरली असती. पण पुढे उत्तरेकडच्या बर्फाळ भागात तोच स्कार जखमी असताना ती स्वतःहून त्याच्या हाताला पट्टी बांधते. आई-वडील असते तर त्यांनी हेच केलं असतं म्हणून बांधते, आणि माफ केलेलं नाही हेही त्याला तोंडावर सांगते. पहिल्या प्रसंगात तिचा हात दुसऱ्याने थांबवला, दुसऱ्यात तिने तो आपण होऊन चालवला. या दोन प्रसंगांमध्ये बरेच एपिसोड जातात. त्या काळात ती फारशी दिसत नाही, तरी तिचा आलेख तुटत नाही, कारण दुसरा प्रसंग पहिल्याचं थेट उत्तर आहे. कमी वेळात जास्त परिणाम साधायचा असेल तर अशी जोडी जुळवणं हा सगळ्यांत भरवशाचा मार्ग आहे.

प्रश्न : मला मालिकांवर परीक्षणं लिहायची आहेत. 'कॅरेक्टर डेव्हलपमेंट छान आहे' याच्या पुढे वाक्य जात नाही. नेमकं काय टिपून ठेवायचं?

उत्तर : पहिल्यांदा पाहताना वही बाजूला ठेवा, नुसतं बघा. दुसऱ्या वेळी तीन एपिसोड निवडा : पहिला किंवा दुसरा, बरोबर मधला, आणि शेवटच्या आधीचा. शेवटचा घेऊ नका. तिथे बहुतेक मालिका निरोपाच्या भावनेत असतात आणि सगळंच जुळलेलं दिसतं.

वहीत प्रत्येक दृश्याला एक ओळ. चार रकाने पुरतात : दृश्यात कोण आहे, निर्णय कोणी घेतला, त्यामुळे पुढच्या दृश्यात काय बदललं, आणि कॅमेरा कोणाच्या बाजूचा आहे. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात. हिरॉईन रडतेय, पण आपल्याला दिसतोय तो तिला रडताना बघणाऱ्या हिरोचा चेहरा, तर ते दृश्य त्याचं झालं. मग हिरॉईन जिथे हिरोशिवाय आहे अशा दृश्यांभोवती गोल करा आणि त्यांत ती त्याच्याचविषयी बोलते का ते तपासा.

'एटी-सिक्स' (२०२१-२२, २३ एपिसोड) यावर हा सराव करून बघा, हात बसेल. तुकडीला हुकूम देणारी लेना भिंतीच्या आत सुरक्षित, तुकडीतला सैनिक शिन रणांगणावर, दोघांत फक्त आवाजाचा दुवा. अनेक एपिसोडमध्ये एकच घटना आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने दाखवली आहे. सुरुवातीला लेना प्रेमाने बोलते, काळजी करते, आपण इतरांपेक्षा वेगळ्या आहोत असं तिला वाटतं. मग तुकडीतली एक मुलगी मरते, आणि त्याच तुकडीतला थिओ लेनावर तुटून पडतो : आमची नावं तरी कधी विचारलीस का? तुमच्या वहीत इथे नोंद होईल की निर्णय थिओचा, झळ लेनाला, बदल पुढच्या एपिसोडमध्ये, जेव्हा ती एकेकाला खरं नाव विचारते. नवव्या एपिसोडमध्ये ती आदेश मोडून तोफा डागते आणि त्यामुळे शिनची लढाई वेगळ्या वळणावर जाते. तिथे निर्णय लेनाचा, परिणाम शिनवर. दोघं समोरासमोर ओळख पटवून भेटतात ती थेट शेवटच्या एपिसोडमध्ये. एकत्र दृश्य जवळजवळ नसताना दोघं एकमेकांना घडवतात, हे चार रकान्यांत लख्ख उमटतं. आमच्या मते अलीकडच्या मालिकांत यापेक्षा रेखीव मांडणी क्वचित सापडेल.

परीक्षण लिहिताना मग विशेषणाऐवजी वहीतली एक ओळ उचला. 'लेना प्रगल्भ होते' यापेक्षा 'तिसऱ्या एपिसोडपर्यंत तिला एकाचंही नाव माहीत नाही, चौथ्यात ती सगळ्यांची विचारते' हे वाचकाला पटतं.

प्रश्न : 'री:झीरो'त एमिलिया हिरॉईन असूनही रेम जास्त का भावते?

उत्तर : २०१६ च्या पहिल्या सीझनमध्ये अठरावा एपिसोड जवळजवळ सगळा हिरो सुबारू आणि रेम यांच्या बोलण्यावर आहे. तो पळून जाऊ म्हणतो. त्याच्यावर जीव असूनही ती नकार देते. हा निर्णय तिचा, किंमत तिची, आणि त्याचं पुढचं वागणं त्याने बदलतं. एमिलियाकडेही तेराव्या एपिसोडमध्ये असाच ताकदीचा क्षण आहे : सुबारूच्या मनातली एमिलिया आणि आपण वेगळ्या आहोत, हे ती त्याला सुनावते. पण त्यानंतर ती बराच काळ पडद्याआड जाते आणि ते वाक्य तसंच लटकत राहतं. दुसऱ्या सीझनमध्ये (२०२०-२१) सुबारूच्या जागी तीच परीक्षांना सामोरी जाते, बर्फाखाली गाडलेला स्वतःचा भूतकाळ बघते. तो भाग पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवू नका.

प्रश्न : 'युअर लाय इन एप्रिल'मध्ये काओरीचं मन शेवटच्या पत्रातून कळतं. तोवर ती फक्त कोसेइला पियानोकडे परत आणणारी मुलगी आहे. हा तिच्यावर अन्याय नाही का?

उत्तर : प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर एका शब्दात देता येणार नाही. २२ एपिसोड आपण बहुतांशी कोसेइच्या नजरेतून बघतो. काओरी त्याला ढकलते, रडवते, वाजवायला लावते. तिचा आजार वाढत जातो. आणि शेवटी पत्र येतं : लहानपणी त्याचं वादन ऐकून तिने पियानो सोडून व्हायोलिन धरलं, एक दिवस त्याच्या साथीने वाजवता यावं म्हणून. त्याचा मित्र वातारी आपल्याला आवडतो, असं ती सांगत होती ते खोटं होतं.

पत्राची करामत अशी की ते सगळी मालिका उलटी फिरवतं. कोसेइला वाटत होतं की ती वादळासारखी आली आणि तिने आपल्याला बदललं. प्रत्यक्षात आधी त्याने तिला बदललं होतं, नकळत. पहिल्या भेटीतलं तिचं आत्मविश्वासाने उसळणं हे वर्षानुवर्षं लाजून मागे राहिलेल्या मुलीने घेतलेलं सोंग आणि धाडस होतं. पुन्हा पहिला एपिसोड लावला की तिचं प्रत्येक वाक्य वेगळं ऐकू येतं. म्हणजे तिची वाढ आहे, आणि ती कोसेइच्या वाढीइतकीच मोठी आहे.

पण ती घडताना आपण पाहत नाही, ती झाल्याचं आपल्याला सांगितलं जातं, तेही ती गेल्यावर. या रचनेत तिला चुकायला, मत बदलायला, कोसेइवर खरोखर चिडायला जागा फार थोडी मिळते. रुग्णालयातल्या दृश्यांत तिचा धीर सुटतो, भीती बाहेर येते, ती मालिकेतली तिची सर्वांत जिवंत दृश्यं आहेत. कारण तिथे ती कोसेइसाठी काही करत नसते, फक्त तिला जगायचं असतं. तशी आणखी दोन-तीन दृश्यं आधी पेरता आली असती आणि पत्रातलं गुपितही फुटलं नसतं : तिला व्हायोलिन घेऊन एकटीच सराव करताना, एखादी ओळ पुन्हापुन्हा चुकताना, आई-वडिलांपाशी हट्ट करताना. आम्हाला पत्र ठेवायचंच आहे. त्याच्या आधीची ती एकटी काओरी तेवढी हवी होती.